कै. लक्ष्मीबाई टिळक : ज्ञातीबाहेर गेलेली आपली एक माता

संघाच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीतील एका दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा आमचा परिपाठ आहे. आजवर या पानांवर मुत्सद्दी आले, सेनानी आले, गणिती, वैद्य व समाजसुधारकही आले. यंदा आम्ही जे नाव निवडले आहे ते वाचून काही वडीलधाऱ्या सभासदांच्या कपाळी आठी उमटेल, हे आम्ही जाणून आहो. कै. लक्ष्मीबाई नारायण टिळक या माहेरच्या गोखले व सासरच्या टिळक, म्हणजे दोन्ही कुळांनी आपल्याच. परंतु १९०० साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली व पुढे ३६ वर्षे त्या श्रद्धेत काढून त्या श्रद्धेतच त्यांनी देह ठेवला. ज्ञातीने ज्यांस पंक्तीतून उठविले त्यांच्यासाठी ज्ञातीच्याच स्मरणिकेत पाट मांडावा काय, असा प्रश्न आमच्या बैठकीत निघालाच. पुष्कळ भवति न भवति झाल्यानंतर पाट मांडावा असे ठरले. तो का मांडला, हे वाचकांस पुढील हकिकतीवरून कळेलच.

पुणतांब्याच्या मंडळींना ही हकिकत परकी वाटण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाईंचे जन्मगाव जलालपूर हे नाशिकजवळ गोदावरीच्या काठी आहे, आणि तीच गोदावरी तेथून वाहत वाहत कोपरगावावरून आपल्या घाटापाशी येते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) व राहुरी येथे गेला. दौंड-मनमाड हा लोहमार्ग १८७८ सालापासून सुरू आहे. नगर-राहुरीकडून आगगाडीने नाशिकला निघालेल्या माणसास पुणतांब्याचे स्टेशन ओलांडल्यावाचून मनमाड गाठता येत नसे. शिवाय आपले गाव म्हणजे चांगदेवांचे गाव. अफाट विद्या व सिद्धी संपादन केलेल्या त्या वृद्ध योग्याला आपल्या कोऱ्या पत्रास आलेल्या उत्तराचा अर्थ लागेना व अखेर मुक्ताबाईसारख्या लहान मुलीस गुरू मानावे लागले, ही कथा येथील प्रत्येक घरात आजीच्या तोंडून ऐकावयास मिळते. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या एका स्त्रीचा मोठेपणा ओळखण्यास याहून योग्य गाव कोणते?

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका; घरची माणसे मनू म्हणत. आईचे वडील वासुदेव भगवंत जोगळेकर हे १८५७ च्या उठावानंतर फाशी गेले होते. त्या घटनेचा धक्का जावई नारायणराव गोखले यांच्या मनास असा बसला की त्यांस सोवळ्याने पछाडले. पछाडले हाच शब्द येथे योग्य. बाहेरून येणारा प्रत्येक जिन्नस धुऊन घ्यावयाचा, इतका की मीठ-साखरेलाही त्यातून सुटका नव्हती. आता धुतलेल्या मिठाचे व साखरेचे काय होत असेल, हे आमच्या वाचक भगिनींस सांगावयास नकोच. अशा घरात बायकामुलांचे किती हाल झाले असतील! तथापि पुढे साठी जवळ आल्यावर लक्ष्मीबाईंनी या दिवसांचे वर्णन केले आहे त्यात वडिलांविषयी कडवटपणाचा लवलेश नाही. वाचणारा पोट धरून हसतो व हसता हसता त्याचे डोळे भरून येतात. सोवळ्याचा अतिरेक आपल्यापैकी किती तरी घरांनी पाहिलेला आहे. परंतु त्याकडे असे मायेने व असे स्पष्ट पाहणारी दृष्टी आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळली.

वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षी त्यांचा विवाह नारायण वामन टिळक यांजशी झाला. नारायणराव हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, जन्म १८६१ चा. त्यांचे बहुतेक शिक्षण नाशकात झाले. संस्कृत उत्तम, वाणी रसाळ, वृत्ती कवीची, हात उदार आणि पाय कधी एका जागी न ठरणारा. लोकमान्यांशी त्यांचे आडनाव तेवढे समान होते. ते पुढे रेव्हरंड टिळक म्हणून व फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले गेले. त्यांच्या काव्याची थोरवी महाराष्ट्राने मान्य केलीच आहे. संसारी पुरुष म्हणून मात्र त्यांस शंभर गुण देणे आमच्याने होत नाही. मनात आले की घर सोडून चालू लागावे, मागे राहिलेल्या पत्नीने त्यांचा ठावठिकाणा शोधीत बसावे. बाजारात धान्यासाठी पाठवावे तो पैसे भलत्याच हौसेच्या वस्तूवर खर्च करून आनंदाने परतावे. स्वभाव तापट, पण राग गेला की लहान मुलासारखे. एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरी पुण्य म्हणून जमा धरली पाहिजे. बायकोने वाचावे-लिहावे असा त्यांनी ध्यास घेतला व तिला अक्षरओळख करून दिली. त्या काळी आपल्या ज्ञातीतदेखील बायकोच्या हाती पाटी देणारा पुरुष चेष्टेचा विषय होत असे. पुण्यास रमाबाई रानड्यांना याच कारणासाठी घरातील बायकांची किती बोलणी खावी लागली, हे सर्वांस ठाऊक आहे.

नागपूर, राजनांदगाव असा प्रवास करता करता टिळकांच्या हाती आगगाडीतील एका युरोपियन सहप्रवाशाने बायबलची प्रत दिली. तेथून त्यांच्या मनाने जो मार्ग धरला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्म्यापाशी येऊन पोहोचला. पत्नीस बातमी कळली ती मागाहून. वय सव्वीस, पदरी १८९१ साली जन्मलेला देवदत्त हा एकुलता मुलगा. अपत्यवियोगाचे दुःख त्यांनी त्याआधीच सोसलेले होते. आता नवरा जिवंत असून नसल्यासारखा झाला.

या बातमीने केवढा आगडोंब उसळला असेल याची आजच्या तरुण सभासदांस कल्पना येणार नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगतो. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहाचे पेले आले. तेवढ्यावरून ग्रामण्य झाले, शंकराचार्यांकडे फिर्याद गेली आणि खुद्द न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. एका पेल्याची ही कथा, तर प्रत्यक्ष धर्मांतराची काय वर्णावी? आपल्या ज्ञातीत असे प्रसंग अगदीच अपूर्व होते असे नव्हे. काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्ह्यांनी १८४८ साली व पंडिता रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. परंतु ते दोघेही स्वतः विद्वान, शास्त्रार्थ करून पाऊल टाकणारे. लक्ष्मीबाईंजवळ ना विद्या, ना द्रव्य. काहीही न करता दोन्हीकडून बोटे रोखली गेली ती त्यांच्यावर.

त्यापुढील चार-पाच वर्षे त्यांनी पतीपासून दूर, आप्तांच्या आश्रयाने काढली. त्यातील बराच काळ पंढरपुरात गेला. येथे आम्हांस एक गोष्ट आग्रहाने सांगावयाची आहे. आपल्याकडे अद्यापि असे म्हणणारे भेटतात की लक्ष्मीबाई बिचाऱ्या पतिव्रता, नवरा बाटला म्हणून मागोमाग त्याही बाटल्या. हे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. नवऱ्यामागे जावयाचे असते तर १८९५ सालीच गेल्या असत्या. त्या गेल्या नाहीत. पतीवाचून जीव कासावीस होत असताही त्यांनी आपला धर्म धरून ठेवला. आणि हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे की त्या वर्षांत त्यांस सांभाळणारी माणसे आपल्याच ज्ञातीची होती. बोलणारी होती तशी पोटाशी धरणारीही होती. दोन्ही प्रकारची माणसे बहुधा एकाच घरात राहतात.

पुढे त्या नगरास येऊन टिळकांच्या सान्निध्यात राहू लागल्या तेव्हाही त्यांनी आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. पती ख्रिस्ती, पत्नी ब्राह्मण. स्वयंपाक निराळा, पाणी निराळे, पाणी भरावयास ब्राह्मणच हवा. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही, हे त्यांस भूषणावह आहे. मन बदलावयास वेळ लागतो, हे त्या उतावळ्या पुरुषास या एका बाबतीत तरी उमगले होते. लक्ष्मीबाईंचे मन बदलले ते कोणा धर्मोपदेशकाच्या व्याख्यानाने नव्हे. देवाने माणूस निर्माण केला हे ठीक, पण जाती त्याने निर्माण केल्या की माणसाने, हा एकच प्रश्न त्यांच्या मनात एके दिवशी उभा राहिला. त्याने त्यांस असे घेरले की उत्तर मिळेपर्यंत चैन पडेना. उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी आधी दुसऱ्याच्या हातचे पाणी घेतले. मिठालाही विटाळ मानणाऱ्या बापाच्या लेकीने हातातला तो पेला तोंडास लावला तो क्षण केवढा असेल, हे आपल्यापैकी ज्यांच्या घरी अशा आज्या होऊन गेल्या त्यांनाच समजेल. आमच्या मते लक्ष्मीबाईंचे खरे धर्मांतर ते. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो त्यानंतरचा विधी.

येथून त्यांच्या आयुष्याचे दुसरे पर्व सुरू होते, आणि ते मुख्यतः आईचे आहे. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळात नगर जिल्ह्याची जी दैना झाली तिच्या गोष्टी आपल्या भागातही वाडवडील सांगत असत. दुष्काळाने पोरकी झालेली मुले अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयास आली. टिळकांचा स्वभाव असा की रस्त्यात भेटलेले पोर घरी आणावयाचे आणि लक्ष्मीबाईंच्या पुढ्यात उभे करावयाचे. त्याला न्हाऊ-माखू घालणे, त्याच्या अंगावर धडसे वस्त्र चढविणे, घरात असेल त्यातला वाटा त्याच्या ताटात वाढणे, हे पुढचे सारे त्यांच्याकडे. कोण कोणत्या जातीचे, हा प्रश्न त्या स्वयंपाकघरातून कायमचा गेलेला होता. नगर व राहुरी येथील त्यांच्या घरी पोटची माणसे किती व मानलेली किती, याचा हिशेब लागत नसे. पगार थोडा व तोही टिळकांच्या हातून गळून जाणारा. तरीही त्या घरचा शिधा कधी कोणाला पुरला नाही असे ऐकिवात नाही.

मानलेल्या मुलांत एक नाव महाराष्ट्र कधीही विसरणार नाही. ते म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, अर्थात बालकवी. १९०७ साली जळगावास पहिले कविसंमेलन डॉ. कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखाली भरले. तेथे या कोवळ्या मुलाने आपली कविता म्हटली व बालकवी हे नाव घेऊनच तो बाहेर पडला. पुढे तो नगरास टिळकांच्या घरी येऊन राहिला. हळवा, रुसका, जगाशी जुळवून घेता न येणारा. टिळकांनी त्याच्या काव्याला वळण दिले, लक्ष्मीबाईंनी त्याच्या पोटाकडे व मनाकडे पाहिले. तो हिंदूच राहिला व त्या घरात त्याला कोणी धर्म विचारला नाही. ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातात त्याचा अंत झाला, तेव्हा वय अवघे सत्तावीस. लक्ष्मीबाईंस ते दुःख पोटच्या मुलाच्या दुःखाहून कमी नव्हते.

जेमतेम वर्ष लोटले असेल, तोच ९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक निवर्तले. त्यापूर्वी दोन वर्षे, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले होते व साताऱ्यास त्यांनी देवाचा दरबार स्थापिला होता. या वैराग्याची थोरवी आम्ही नाकारीत नाही, मात्र संन्याशाच्या पत्नीस चूल पेटवावीच लागते. पतिनिधनानंतर लक्ष्मीबाईंनी मुंबईस मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले, मुलाबरोबर कराचीसही काही काळ काढला व अखेर नाशकास स्थिर झाल्या. ज्या गोदेच्या काठी मनू जन्मली त्याच काठी त्या म्हाताऱ्या झाल्या.

कवितेचा छंद त्यांस पतीच्या सहवासात लागला होता. करंज्यांतील मोदक या त्यांच्या कवितेचे नाव जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. स्वयंपाकघरातील दृष्टान्त त्यांस जसे सुचत तसे मोठमोठ्या पंडितांस सुचत नसत. टिळकांनी ख्रिस्तचरित्रावर ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते, ते ख्रिस्तायन. ते दहा-अकरा अध्यायांवर थांबले. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहून ग्रंथ तडीस नेला. नवऱ्याने अर्धवट टाकलेली कामे पुरी करण्याची सवय त्यांस संसारात लागलेलीच होती! रामायण-पांडवप्रतापाची पोथी ऐकत वाढलेल्या आपल्या घरातील माणसांस त्या ग्रंथाची ओवी परकी वाटणार नाही. विषय ख्रिस्ताचा असला तरी वळण श्रीधरस्वामींच्या मराठीचे आहे. १९३३ साली नागपूर येथे भरलेल्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांस मिळाले. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली तिचा हा गौरव.

परंतु लक्ष्मीबाईंचे नाव मराठीत चिरंजीव झाले आहे ते स्मृतिचित्रे या ग्रंथाने. त्याचा उगमही घरगुती आहे. देवदत्त वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या खटपटीत होते. त्यांनी आईस आठवणी लिहून देण्याविषयी गळ घातली. आईने लिहावयास घेतले ते नवऱ्याविषयी, आणि कागदावर उतरले ते संबंध एक युग. हे लेखन प्रथम संजीवनी या साप्ताहिकात येऊ लागले व १९३४ पासून चार भागांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. शेवटचा भाग निघेपर्यंत त्या हयात नव्हत्या. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

या ग्रंथाची भाषा ही आपल्या आज्या-पणज्यांची भाषा आहे. अलंकार नाही, आव नाही, स्वतःविषयी कणव नाही. स्वतःची फजिती सांगताना तर बाईंच्या लेखणीस विशेष चेव येतो. आपल्या ज्ञातीतील स्त्रियांनी लिहिलेली दोन आत्मचरित्रे आम्ही नेहमी अभिमानाने पुढे करतो, रमाबाई रानड्यांचे १९१० चे व आनंदीबाई कर्व्यांचे १९४४ चे. या दोहोंच्या मधोमध स्मृतिचित्रांचे स्थान आहे, आणि साहित्याचे म्हणून पाहू गेल्यास तिहींत ते वरचढ आहे असे आमचे मत आहे. हा ग्रंथ १९५० साली इंग्रजीत गेला. २०१७ साली शांता गोखले यांनी त्याचा नवा इंग्रजी अनुवाद केला. १९८९ साली नातू अशोक देवदत्त टिळक यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. मुलाने लिहविले, नातवाने जपले. असे भाग्य थोड्या मातांच्या वाट्यास येते.

आता बैठकीत निघालेल्या प्रश्नाकडे वळू. काही सभासदांचे म्हणणे असे पडले की धर्मांतर केलेल्या व्यक्तीचा गौरव केल्यास तरुण पिढीसमोर चुकीचा कित्ता जाईल. या मंडळींच्या निष्ठेविषयी आम्हांस आदर आहे, पण त्यांचे म्हणणे आम्हांस पटले नाही. लक्ष्मीबाईंनी धर्म बदलला, माणसे बदलली नाहीत. माहेरची, सासरची, शेजारची अशी सारी माणसे त्यांच्या ग्रंथात तशीच नांदत आहेत, त्यांच्या रागालोभासह. सनातनी आप्तांविषयी त्या जितक्या जिव्हाळ्याने लिहितात तितक्याच जिव्हाळ्याने मिशनमधल्या मडमांविषयीही लिहितात, आणि हसतात तेही दोघांना सारखेच. ज्ञातीने त्यांच्याशी नाते तोडले असेल, त्यांनी ते तोडले नाही. हिशेब असा असता पुढे पाऊल टाकावयाचे ते आम्ही, हे उघड आहे.

दुसरी एक उणीव या निमित्ताने आमच्या ध्यानात आली. आपल्या घराण्यांचे कुलवृत्तान्त मोठ्या परिश्रमाने सिद्ध झालेले आहेत. त्यांत पुरुषांचे शिक्षण, हुद्दे, स्थलांतरे, सारे सापडते. मुलींच्या वाट्यास बहुधा नाव व दिले ते घर, एवढी एकच ओळ येते. सुनांची गत याहून निराळी नाही. सोवळ्यात होरपळलेल्या, दुष्काळात चार परकी पोरे पोसलेल्या, लिहावयास शिकल्या असत्या तर काय लिहून गेल्या असत्या कोण जाणे, अशा किती स्त्रिया त्या एका ओळीखाली निजलेल्या आहेत! लक्ष्मीबाईंनी ती ओळ चार भागांची केली.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेपासून सभासद कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांच्या आठवणींसाठी काही पाने राखून ठेवण्याचे कार्यकारी मंडळाने ठरविले आहे. ज्यांस लिहिता येत नाही त्यांच्या आठवणी नातवंडांनी उतरून घ्याव्यात. शुद्धलेखनाची काळजी आम्ही वाहू. स्मृतिचित्रांची एक प्रत संघाच्या कार्यालयात ठेविली आहे. ती सभासदांस आठ दिवसांच्या मुदतीने घरी नेता येईल. प्रत एकच असल्याने मुदत पाळावी, ही विनंती.